पेटीत सापडलेली जुनी पदकं: ओळखायची कशी, कागद कुठून काढायचे, जपायची कशी

ग्वाल्हेरात आपली मराठी माणसं शिंद्यांच्या फौजेबरोबर आली, त्यामुळे लष्कर, कंपू, मुरार या भागांतल्या जुन्या घरांत कुठल्यातरी ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात नाहीतर आजीच्या दागिन्यांच्या डब्यात दोन-चार मेडल निघतातच. आणि मग घरात कोणालाच धड माहीत नसतं की ही कोणाची, कशाबद्दल मिळाली, खरी की नुसती शोभेची. माझ्या आजोबांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची पदकं मी अशीच एकेक करून ओळखली, कागद जमवले, आणि तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे लोक फोटो पाठवून विचारत असतात. प्रश्न जवळपास सगळ्यांचे तेच, म्हणून एकदा क्रमाने लिहून ठेवतोय. इंदूर-महू किंवा बडोद्याच्या लोकांनाही हेच लागू पडेल, संस्थानाचं नाव तेवढं बदलायचं.

१. पहिल्या दिवशी काहीही साफ करू नका

पदकं हातात आली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, द्या इकडे, चकाचक करून देते. नाही द्यायची. पितांबरी, चिंच, राख, ब्रासो हे समई आणि तांब्याला ठीक आहे, मेडलला नाही. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली असतात आणि दर दिवाळीला घासघासून ती जातात, मग उरतो नुसता गोल तुकडा. मी अशी पदकं पाहिलीत ज्यांच्यावर राजाचं नाक सुद्धा शिल्लक नाही, आणि कडेला बोट फिरवलं तर नुसती ओरखड्यांची जाणीव होते, नाव गेलं ते गेलंच, ते कुठल्याही केमिकलने परत येत नाही.

दुसरं, एका पट्टीवर ओळीने लावलेली असतील तर सुटी करू नका. रिबन विरली असली, मळकी असली तरी काढू नका. भावाभावांत वाटून घ्यायची असतील तर तेही नंतर, आधी सगळ्यांचे एकत्र फोटो: जशी सापडली तशी, मग पुढून, मागून, आणि कडेचे. ज्या डब्यात किंवा फडक्यात होती तेही फेकू नका, पुष्कळदा त्या छोट्या पुठ्ठ्याच्या डबीवरच नंबर लिहिलेला असतो.

२. काय काय जवळ लागेल

सामान फार नाही:
- भिंग (घड्याळवाले डोळ्याला लावतात ते मिळालं तर उत्तम)
- मोबाइल, ज्यात जवळून फोटो चांगला येतो
- एक टॉर्च
- मऊ कोरडा ब्रश
- मोजपट्टी किंवा व्हर्निअर, आणि जमलं तर सराफाकडचं वजन
- एक वही, हो वहीच, फोनमधल्या नोट्स हरवतात

कागदपत्रं, जेवढी सापडतील तेवढी:
- डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट (हा सगळ्यात मोलाचा कागद, यात पदकांची नोंदच असते)
- पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), जुनी पेन्शन बुकं
- युनिफॉर्ममधला फोटो
- मनीऑर्डरच्या पावत्या, फौजेतून आलेली पत्रं, पाकिटांवरचे शिक्के
- दरबारची सनद, खिल्लतीचा (दरबारने दिलेल्या मानाच्या पोशाखाचा) कागद असं काही असेल तर ते
- मृत्यूचा दाखला आणि तुमचं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागद, हे अर्ज करताना लागतात

जुन्या कागदांत मोडी निघाली तर घाबरू नका आणि रद्दीत पण घालू नका. मोडी वाचणारे आजही आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी केली तर वाट सापडते.

३. आता कड वाचा

सगळे लोक पदक उलटंसुलटं करून चेहरा बघतात, मी सांगतो की आधी कड बघा. पदक दोन बोटांत आडवं धरा, टॉर्च बाजूने मारा, समोरून नाही, आणि हळूहळू फिरवा. बाजूच्या उजेडात खोलगट अक्षरांची सावली पडते आणि पुसट वाटणारं नावसुद्धा वाचता येतं. जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवा, दुरुस्त करून नाही.

साधारण क्रम असा असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. इंग्रजांच्या काळातल्या पदकांवर हुद्दे तोडून लिहिलेले असतात, एस-ई-पी म्हणजे सिपाही, एन-के म्हणजे नाईक, एच-ए-व्ही म्हणजे हवालदार, जे-ई-एम म्हणजे जमादार. हा जमादार म्हणजे झाडूवाला नव्हे हां, घरच्या नवीन पोरांना हे सांगावं लागतं, तो सुभेदाराच्या खालचा अधिकारी, १९६५ मध्ये त्याचं नायब सुभेदार झालं. घोडदळातला असेल तर सोवार, दफेदार, रिसालदार असे शब्द येतील.

नाव मात्र कारकुनाने जसं ऐकलं तसं. गणपतरावचं गुनपत राव होतं, आडनाव तर बहुतेक वेळा नसतंच, फक्त नाव आणि बापाचं नाव किंवा नुसतं नावच. म्हणून नाव जुळत नाही म्हणून हे आपल्या आजोबांचं नाही असं ठरवू नका, नंबर जुळवा. नंबर हीच खरी ओळख. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवर नंबराच्या आधी जेसी दिसलं तर जेसीओ (म्हणजे सुभेदार, नायब सुभेदार वगैरे), आयसी दिसलं तर पक्क्या कमिशनचा ऑफिसर, इसी म्हणजे इमर्जन्सी कमिशन, एसएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस.

ग्वाल्हेरच्या घरांत जुन्या पदकावर पलटणीच्या जागी ग्वाल्हेर आणि पुढे आय-एस असं दिसलं तर ते इम्पीरियल सर्व्हिस. संस्थानांनी साम्राज्याच्या मदतीला जे सैन्य तयार ठेवलं होतं ते हे. १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेला जी फौज गेली तिच्यात ग्वाल्हेरच्या पलटणीचे शिपाई होते. म्हणजे इथल्या गल्लीतला माणूस बोटीत बसून आफ्रिकेला गेला, आणि घरात आज त्याची आठवण म्हणून फक्त ही कड उरलीय, म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय की घासू नका.

कडेवर काही नसेल तर? तारेच्या आकाराच्या पदकांवर नाव मागच्या बाजूला असतं, तिथे बघा. आणि दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटनमध्ये वाटलेली पदकं बिननावाचीच होती, भारतात दिलेल्यांवर मात्र पुष्कळदा नाव असतं. म्हणून कोरी कड दिसली म्हणजे लगेच नकली, असं नाही.

४. रिबन आणि ओळ

पदकं पट्टीवर लावलेली असतील तर बघणाऱ्याच्या डावीकडचं पदक मानाने सगळ्यात वरचं, मग उजवीकडे क्रमाने खालची. घालणाऱ्याच्या अंगावर ते छातीच्या मध्याकडे येतं. याचा उपयोग असा की, फोटोत चेहरे पुसट असले आणि फक्त रिबनच्या पट्ट्या दिसत असल्या तरी क्रमावरून पुष्कळ कळतं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असतो, तेव्हा रंग नाही तर पट्ट्यांची रुंदी मोजायची, मधे एक जाड आहे का, दोन बारीक आहेत का, असं.

रिबनवर धातूची आडवी पट्टी असेल तर ती क्लास्प, लोक बार म्हणतात. तिच्यावर लढाईचं किंवा भागाचं नाव असतं. ती वाचली की माणूस कुठे होता ते थेट कळतं, म्हणून तिचा वेगळा फोटो काढा.

रिबन नंतर कोणीतरी बदललेली पण असू शकते, मुरारला किंवा महूला कॅन्टोन्मेंटच्या दुकानात मीटरने मिळते. त्यामुळे रिबन आणि पदक जुळत नसेल तर पदकावर विश्वास ठेवा.

५. कोणत्या काळाचं आहे ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं महायुद्ध. घरात बहुतेक वेळा तीन पदकं एकत्र निघतात. एक ब्राँझचा तारा, मधे १९१४-१५ लिहिलेलं. एक चांदीचं गोल पदक, पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा माणूस, आणि रिबन मधे नारंगी, दोन्हीकडे पांढरी, काळी, निळी. हे ब्रिटिश वॉर मेडल, साधारण ३६ मिलिमीटरचं. आणि तिसरं पंख असलेल्या देवीचं ब्राँझचं पदक, इंद्रधनुष्यासारखी रिबन. याला व्हिक्टरी मेडल म्हणतात आणि याची गंमत अशी की हे एकट्या इंग्रजांचं नाही. जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांनी ठरवून सगळ्यांनी एकच रिबन घेतली आणि पदक मात्र प्रत्येकाने आपापलं पाडलं, फ्रान्स, इटली, बेल्जियम, अमेरिका, ग्रीस, पोर्तुगाल वगैरे. बहुतेकांनी पंखवाली देवीच घेतली, जपान आणि सयामने तेवढी आपापल्या पुराणातली आकृती घेतली. म्हणून इंद्रधनुषी रिबन दिसली की आधी भाषा बघा, कुठल्या देशाचं ते तिथे कळेल. आपल्या घरांत येतं ते इंग्रजीवालं, मागे १९१४-१९१९ असं.

याच काळातली अजून एक वस्तू, जी लोक पदक समजतच नाहीत: जवळजवळ १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची जाड थाळी, तिच्यावर उभी बाई, सिंह, आणि एका चौकटीत फक्त नाव, हुद्दा नाही. ही युद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवायचे. मी एका घरात ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेली पाहिलीय. त्या घरातल्या काकूंना जेव्हा सांगितलं की यावरचं नाव म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे काका, ते परत आलेच नाहीत, तेव्हा त्यांनी ती पदराने पुसून देव्हाऱ्यात ठेवली. तुमच्याकडे अशी थाळी असेल तर कृपा करून वर काही ठेवू नका.

दुसरं महायुद्ध. पिवळट धातूचे सहा टोकांचे तारे, मधे राजाची आद्याक्षरं, भोवती ताऱ्याचं नाव इंग्रजीत: १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार. नावावरूनच कळतं कुठे होते. १९३९-४५ स्टारची रिबन गडद निळी, लाल, फिकी निळी, आरमार, पायदळ आणि विमानदळाची म्हणून. सोबत गोल वॉर मेडल, ज्यावर सिंह दुतोंडी ड्रॅगनवर उभा आहे. आणि इंडिया सर्व्हिस मेडल, मागे हिंदुस्थानचा नकाशा. हे जे देशातच ड्यूटीवर होते त्यांना मिळालं, म्हणून ज्यांचे आजोबा डेपोत, कारखान्यात, छावणीत होते त्यांच्याकडे हेच असतं. त्यात कमी काही नाही, उगाच कोणी हिणवलं तर मनाला लावून घेऊ नका.

सरहद्दीच्या मोहिमा. हिरवी रिबन, मधे निळी पट्टी, मागे डोंगरावरचा किल्ला: १९०८ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. मागे वाघ असेल तर १९३६ चं. यांवर क्लास्प असतेच, वझिरिस्तान किंवा नॉर्थ वेस्ट फ्रंटियर असं काहीतरी.

स्वातंत्र्यानंतर. केशरी-पांढरी-हिरवी उभ्या पट्ट्यांची रिबन म्हणजे १९४७ चं स्वातंत्र्य पदक, सत्तेचाळीसला सैन्यात होते त्यांच्याकडे हमखास. मग जनरल सर्व्हिस मेडल १९४७, क्लास्प जम्मू-काश्मीर, गोवा, लडाख, नेफा (आजचं अरुणाचल) वगैरे. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. इथे फरक लक्षात ठेवा: रक्षा आणि संग्राम मेडल तेव्हा सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं, पण समर सेवा, पूर्वी, पश्चिमी हे स्टार प्रत्यक्ष त्या त्या आघाडीच्या भागात होते त्यांना. म्हणजे पूर्वी स्टार असेल तर आजोबा बांगलादेशाच्या बाजूला होते, हे निःशंक सांगता येतं. त्याशिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकं, १९७२ चं स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं पदक, ही पुष्कळ पट्ट्यांवर असतात.

युनोचं पदक. ब्राँझचं गोल, पुढे युनोचं चिन्ह, मागे शांततेच्या सेवेत या अर्थाची इंग्रजी ओळ. पदक जवळपास सगळ्या मोहिमांचं सारखंच, मोहीम ओळखायची ती रिबनवरून, म्हणून इथे रिबन बदललेली असेल तर घोळ होतो. गाझा-सिनाई, काँगो इथे आपले पुष्कळ लोक गेले होते.

६. ऑर्डर, शौर्याचं पदक आणि साधं मेडल, यात फरक करा

सगळ्यालाच मेडल म्हणायची आपल्याला सवय आहे, पण कागद शोधताना हे वेगळं करावं लागतं, कारण तिघांच्या याद्या वेगळ्या ठिकाणी असतात.

ऑर्डर म्हणजे एक मंडळ, माणसाला त्यात घेतलं जातं, आणि त्यात पायऱ्या असतात. फ्रान्सचा लेजिओं द ऑनर हा नेपोलियनने १८०२ मध्ये सुरू केलेला, लाल रिबन, पाच पायऱ्या. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लतादीदींना भारतरत्न २००१ मध्ये मिळालं आणि फ्रान्सचा हा मान २००७ मध्ये, म्हणजे एका माणसाकडे दोन देशांचे सन्मान कसे येतात ते इथे दिसतं. इंग्रजांच्या काळात स्टार ऑफ इंडिया (१८६१) आणि इंडियन एम्पायर (१८७८) या ऑर्डरी राजे-सरदारांना आणि बड्या अधिकाऱ्यांना मिळायच्या, शिपायांसाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट होती, ती १८३७ पासूनची. ती घरात निघाली तर ती फार मोठी गोष्ट आहे, कोणाला दाखवायच्या आधी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

शौर्याची पदकं म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, आणि रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. पहिली तिन्ही २६ जानेवारी १९५० ला जाहीर झाली पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू. परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं, जन्माने युरोपियन, लग्न होऊन मराठी घरात आल्या, आणि त्यांनी त्यावर इंद्राची चार वज्रं घेतली, दधीचीच्या हाडांचं वज्र. हे मी प्रत्येक मराठी पोराला सांगतो. अशोक चक्रालाच आधी क्लास एक, दोन, तीन अशा पायऱ्या होत्या, कीर्ती आणि शौर्य ही नावं १९६७ मध्ये आली. म्हणून जुन्या कागदावर अशोक चक्र क्लास तीन लिहिलेलं असेल तर ते आजचं शौर्य चक्र समजायचं.

पद्म पुरस्कार १९५४ पासूनचे. घटनेच्या कलम १८ मुळे आपल्याकडे किताब नाहीत, त्यामुळे पद्मश्री किंवा भारतरत्न नावाच्या आधी-नंतर लावता येत नाही, लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावाआधी छापण्यापूर्वी हे लक्षात असू द्या. इंग्रजांच्या काळातलं रावबहादूर हा किताब होता, त्याचा बिल्ला आणि सनद दोन्ही असतात, सनद शोधा.

बाकी सगळं, म्हणजे मोहिमेचं, सेवेच्या वर्षांचं, राज्याभिषेकाचं, दरबाराचं, ते मेडल. १९०३ आणि १९११ च्या दिल्ली दरबाराची पदकं सरदार घराण्यांत सापडतात.

७. सापळे

ग्वाल्हेर स्टार. हे सगळ्यात आधी, कारण आपल्या गावाचं नाव आहे. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या फौजेला हरवलं आणि जप्त केलेल्या ग्वाल्हेरच्या तोफांचा धातू वितळवून सहा टोकांचे तारे पाडले, मधे छोटा चांदीचा तारा, त्यावर लढाईचं नाव आणि तारीख. ते इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांना दिले. कोणी विकायला आणून सांगितलं की हा शिंदे सरकारने आपल्या सरदारांना दिलेला तारा, तर ते खरं नाही. तो आपल्या विरुद्ध लढणाऱ्याच्या छातीवरचा तारा, धातू मात्र आपल्या तोफांचा. मला तो हातात घेताना वाईट वाटतं, पण त्यासाठीच त्याची खरी गोष्ट माहीत पाहिजे. याच्या नकला पुष्कळ फिरतात. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, भिंगातून बघा.

कॅन्टोन्मेंटची कॉपी. फौजी लोक मूळ पदकं घरी ठेवून रोजच्या परेडसाठी दुकानातून कॉपी घेतात. म्हणून घरात हलकी, चकचकीत, बिननावाची जोडी निघाली तर कोणी फसवलं असं समजू नका, मूळ संच अजून कुठेतरी असेल, नीट शोधा. अर्ध्या आकाराची छोटी पदकं म्हणजे मेस ड्रेसची (संध्याकाळच्या समारंभाच्या पोशाखाची) मिनिएचर.

नाणं. राणीच्या किंवा जॉर्जच्या रुपयाला कडी डाग देऊन गळ्यात घालायची पद्धत होती. मूल्य लिहिलेलं दिसलं, कडेला दाते दिसले, तर ते नाणं. तसंच राज्याभिषेकाच्या वेळी शाळेतल्या पोरांना वाटलेले पत्र्याचे बिल्ले, ते आठवण म्हणून छान आहेत पण सरकारी पदक नाहीत. सूर्य आणि नागाचं चिन्ह असेल तर ते आपल्या संस्थानाचं, वेगळं काढून ठेवा.

सराफा. चांदीचं म्हणून मोडीत घालू नका. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर ब्रिटिश वॉर मेडलं वितळवली गेली, त्याबरोबर ती नावं पण.

फोन. जुन्या मेडलचे लाखो मिळतील, आधी रजिस्ट्रेशन भरा, असे मेसेज येतात. एक रुपया पाठवू नका, कडेचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका, नाव-नंबर घेऊन नकला बनतात. शौर्य पदकांना सरकारी भत्ता असतो, पण तो विजेत्याला आणि नियमाप्रमाणे पत्नीला, रेकॉर्ड ऑफिसच्या (पलटणीच्या माणसांच्या नोंदी ठेवणारं फौजेचं कार्यालय) कागदावर, मेसेजवरून नाही.

८. रेकॉर्ड शोधा

नंबर आणि पलटण मिळाली की अर्धं काम झालं. आता पलटण आज कुठे आहे ते बघा. संस्थानाच्या फौजा विलीन झाल्या तेव्हा ग्वाल्हेरची पायदळ पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये १४ कुमाऊँ झाली आणि इंदूरची १५ कुमाऊँ, बडोद्याची मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. त्यामुळे ग्वाल्हेर-इंदूरवाल्यांनी रानीखेतच्या, बडोदेकरांनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. १४ कुमाऊँ पुढे मेकनाइज्ड इन्फंट्रीत गेली, म्हणून ऐंशीच्या दशकात किंवा नंतर निवृत्त झालेले असतील तर अहिल्यानगर. इतर काही: महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर, बॉम्बे सॅपर्स खडकी.

अर्ज थेट पाठवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे बहुतेक निवृत्त फौजी बसतात, त्यांना डिस्चार्ज बुक दाखवलं की कोणाला काय लिहायचं ते सांगतात. अर्जात नंबर, हुद्दा, नाव (पदकावरचं स्पेलिंग आणि घरचं, दोन्ही), पलटण, भरती आणि निवृत्तीचं साल, तुमचं नातं, हे एका पानात लिहा. फोटोकॉपी पाठवा, मूळ कागद कोणालाही पोस्टाने पाठवू नका. उत्तर यायला वेळ लागतो, स्पीड पोस्टाची पावती जपा आणि तिचा हवाला देऊन परत लिहा.

ऑनलाइन:
- स्वातंत्र्यानंतरची शौर्य पदकं: केंद्र सरकारची गॅलन्ट्री अवॉर्ड्सची वेबसाइट, नावाने शोधता येतं
- इंग्रजांच्या काळातले सन्मान: लंडन गॅझेट, फुकट, पण स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा. पहिल्या महायुद्धात रशियाचा सेंट जॉर्ज क्रॉस वगैरे परदेशी पदकं काही हिंदी शिपायांना मिळाली, ती पण गॅझेटमध्येच सापडतात
- युद्धात गेलेले: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी, कबर किंवा स्मारक कुठे, कितवा दगड, सगळं असतं
- राष्ट्रीय अभिलेखागार, दिल्ली: अभिलेख पटल, हे त्यांचं ऑनलाइन पोर्टल

पदक हरवलंय आणि कागदात नोंद आहे, तर डुप्लिकेटसाठी पण त्याच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. आधी पोलिसात हरवल्याची तक्रार द्या आणि प्रत जोडा.

९. जपणूक, घालणं, बाहेर पाठवणं

हात धुऊन कोरडे करून, कडेला धरून उचला. धूळ ब्रशने. ब्राँझवर हिरवी भुकटी सुटत असेल तर ते पदक बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. रबरबँड बांधू नका, चांदी काळी पडते. वर्तमानपत्रात, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात, लोकरीच्या कापडात गुंडाळू नका. धुतलेलं साधं सुती कापड, आत सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्यानंतर एकदा पुडी बदला. फ्रेम करायची तर फ्रेमवाल्याला आधीच सांगा की फेविकॉल किंवा दुहेरी टेप नाही, दोऱ्याने शिवून बसवायचं, काचेला पदक टेकता कामा नये, आणि भिंत उन्हाची नको, रिबनचा रंग उडतो.

गेलेल्या माणसाची पदकं घरच्यांनी घालायची तर उजव्या बाजूला, डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची. २६ जानेवारीला शाळेत नातवाला घालून पाठवायची तर हे नक्की पाळा, फौजी माणसाच्या लगेच लक्षात येतं.

शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धाची पदकं अमेरिकेतल्या पुतण्याच्या बॅगेत घालून द्यायची नाहीत. त्याहून नवीन असेल आणि पाठवायचीच असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला आधी घ्या.

आणि प्रत्येक पदकासोबत एक कागद ठेवा: कोणाचं, नंबर, पलटण, कशाबद्दल, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं. पेन्सिलने लिहा, शाई पसरते. खाली तुमचं नाव आणि तारीख टाका, एक प्रत बहिणीकडे किंवा चुलतभावाकडे द्या.